पीप आधी, पिन नंतर : शिकारीच्या कंपाउंडसाठी साईट निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मेहुण्यांनी त्यांचे शिकारीचे कंपाउंड (दोन्ही टोकांना चाके असलेले) धनुष्य आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी आणून दिले. त्यावर पाच पिनांची साईट (नेम धरण्याची चौकट), रबरी नळीचे पीप (दोरीत बसवलेले, डोळ्याने ज्यातून पाहायचे ते छिद्र) आणि दोरीवर ओठाला टेकणारी किसर गुंडी आहे. साताऱ्यात सराव करताना तीस मीटरवर तिचे बाण बऱ्यापैकी एकत्र लागतात, पण पन्नास मीटरवर ते डावी-उजवीकडे पसरतात. एका दुकानदाराने भिंगाची महागडी साईट घ्यायला सांगितले आहे आणि ती घ्यावी की नाही, असे आपण विचारता. जाता जाता आपण हेही विचारले आहे की, पाटणकडच्या शेतात डुकरे पिकाची नासधूस करतात, तर हे धनुष्य तिथे उपयोगी पडेल का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचे आहे : नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार आपल्या देशात शिकारीला बंदी आहे आणि पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतचा निर्णयही वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कोणी आपल्या हाती घेऊ शकत नाही. त्यातून पाटणच्या डोक्यावर कोयना अभयारण्य आहे आणि तो सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेला आहे. धनुष्य बनवणाऱ्याने ते हरणासाठी बनवले असेल, आपल्याकडे मात्र त्याचे लक्ष्य कागदाचेच राहील. हे आधी स्पष्ट करण्याचे आणखी एक कारण असे की, शिकाऱ्याला साईटकडून जे हवे असते आणि मैदानावरच्या खेळाडूला जे हवे असते, त्यात मोठा फरक आहे, आणि आपल्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या फरकात आहे.

आता मुख्य मुद्दा. बाण आडवे पसरत असतील, तर नवीन साईट घेऊन तो पसारा कमी होणार नाही. साईट हे नेम धरण्याच्या रेषेचे पुढचे टोक आहे. मागचे टोक म्हणजे मुलीचा डोळा, तिच्या जबड्याखाली टेकलेला हात आणि दोरीतले पीप. पुढचे टोक कितीही अचूक असले आणि मागचे टोक दर बाणाला थोडे थोडे सरकत असले, तर आपण फक्त ती चूक अधिक स्पष्ट दिसण्यासाठी पैसे मोजत असतो.

यामागचे गणित साधे आहे. पूर्ण ताणलेल्या धनुष्यात पीप आणि पिन यांत साधारण ८५ सेंटिमीटर अंतर असते. डोळा पीपच्या मध्यातून न पाहता एक मिलिमीटर बाजूने पाहू लागला, तर पन्नास मीटरवर बाण जवळजवळ सहा सेंटिमीटर बाजूला जातो. कंपाउंडच्या ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून चार सेंटिमीटरचे असते. एका मिलिमीटरने दहाचा बाण नवात जातो. तीस मीटरवर हीच चूक साडेतीन सेंटिमीटरची होते आणि दहाच्या आत लपून जाते. आपल्या मुलीचे तीस मीटरवर बरे आणि पन्नास मीटरवर वाईट का होते, याचे पहिले संभाव्य उत्तर हे आहे. साताऱ्याच्या अदिती स्वामीने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या सतराव्या वर्षी, वैयक्तिक अंतिम सामना १४९ गुणांनी जिंकला. म्हणजे पंधरांपैकी चौदा बाण त्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात होते. त्या पातळीला रेषेचे मागचे टोक किती स्थिर असावे लागते, याचा अंदाज या आकड्यांवरून येईल.

पीपला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी जिथवर पूर्ण ओढली जाते ती लांबी. आपण लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, ४० ते ५० पौंडांची चिठ्ठी असल्याचे कळवले आहे, त्यामुळे ओढीच्या वजनाची मोठी अडचण दिसत नाही. स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहेच. परंतु धनुष्य मेहुण्यांच्या हाताच्या लांबीला लावलेले असेल आणि मुलीसाठी ते इंचभर जरी लांब असेल, तर ती मान मागे टाकून दोरीला भेटायला जाईल, खांदा वर येईल आणि पीप कुठेही बांधले तरी ते चुकीच्याच जागी ठरेल. कॅमवरचे (धनुष्याच्या टोकाच्या चाकावरचे) मोड्यूल फिरवून किंवा बदलून ही लांबी कमी होते. हे काम बो-प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारे यंत्र) असलेल्या माणसाकडून करून घ्यावे, घरी करू नये. दुसरी गोष्ट प्रबळ डोळ्याची. दोन्ही हातांच्या बोटांनी छोटा त्रिकोण करून त्यातून अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याने मनोरा त्रिकोणातच राहतो, तो डोळा प्रबळ. मुलगी उजव्या हाताने ओढत असेल आणि डावा डोळा प्रबळ असेल, तर तिला पिना दुहेरी दिसतील किंवा ती नकळत मान वळवेल. आडव्या पसाऱ्याचे हे कारण मी अनेकदा उशिरा ओळखले आहे, म्हणून आता पहिल्याच दिवशी तपासतो.

शिकारीचे धनुष्य आखूड असते. दोन्ही कॅमच्या आसांतील अंतर साधारण ३० ते ३३ इंच, कारण झाडावरच्या मचाणात किंवा झुडपात लांब धनुष्य अडते. मैदानावरचे कंपाउंड ३६ ते ४० इंचांचे असते. आखूड धनुष्य पूर्ण ताणले की दोरीचा कोन टोकदार होतो, दोरी चेहऱ्यापासून लवकर दूर जाते, नाकाच्या शेंड्याला ती टेकतेच असे नाही, आणि पीप डोळ्यापासून थोडे लांब राहते. लांब राहिलेले छिद्र लहान दिसते. म्हणून शिकाऱ्याचे पीप मोठे, बहुधा पाव इंच किंवा ३/१६ इंच छिद्राचे असते. शिवाय पहाटे आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्याला तेवढा प्रकाश हवाच असतो. मैदानावर भर उन्हात इतक्या मोठ्या छिद्रातून डोळा इकडेतिकडे भटकतो. छिद्र किती असावे, याची खरी कसोटी इंचात नाही : पूर्ण ताणल्यावर साईटची गोल चौकट पीपच्या वर्तुळात जवळजवळ भरून दिसावी आणि भोवती उजेडाचे एक बारीक कडे उरावे. ते कडे सगळीकडून सारखे दिसते की नाही, हे डोळ्याला आपोआप कळते. चौकट पीपमधून कापली जात असेल तर छिद्र लहान आहे, आणि भोवती रुंद पांढरा पट्टा दिसत असेल तर मोठे. आपल्या पाच पिनांच्या साईटची चौकट पन्नास मिलिमीटरच्या आसपास असावी. तिच्याबरोबर आधी ३/१६ इंच लावून पाहा. पुढे लहान स्कोप, म्हणजे भिंगाची साईट, घेतला, तर छिद्रही १/८ इंच किंवा त्याहून कमी करावे लागेल. पीप आणि चौकट या जोडीतली एकच गोष्ट बदलून काम होत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पीपची उंची ठरवण्याची रीत अशी. मुलीला लक्ष्याच्या गादीसमोर चार-पाच मीटरवर उभे करा, बाण लावलेलाच असू द्या, कारण रिकामी दोरी चुकून सुटली तर धनुष्य मोडू शकते. तिने डोळे मिटून दोरी ओढावी, हात रोजच्या जागी जबड्याला टेकवावा, मान सैल करावी आणि मग डोळा उघडावा. मान न हलवता पीपमधून चौकट मधोमध दिसली, तर उंची बरोबर. हनुवटी उचलावी लागली तर पीप वर आहे, मान खाली घालावी लागली तर खाली आहे. दोन-दोन मिलिमीटर सरकवत हे दहा-बारा वेळा करा आणि थकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, कारण थकलेली मान खोटे सांगते. जागा ठरली की पीपच्या वर आणि खाली सर्व्हिंगच्या (दोरीवर गुंडाळायच्या) धाग्याने घट्ट बांधून घ्या. नुसते दोरीच्या पेडांत अडकवलेले पीप महिनाभरात सरकते, आणि ते कधी सरकले हे कोणालाच कळत नाही.

रबरी नळीचे पीप मी काढून टाकायला सांगेन. नळीचे काम चांगले असते. ती ओढताना पीपला फिरवून डोळ्यासमोर आणते. पण रबर उन्हाने कडक होते. काही वर्षांपूर्वी एका जिल्हा स्पर्धेत, मे महिन्यात, माझ्या एका विद्यार्थ्याची नळी ओढतानाच तुटली आणि चष्म्याच्या काचेवर आदळली. काच फुटली नाही, पण पुढचे सगळे बाण त्याने डोळा अर्धा मिटून मारले. ती नळी आधी बदलायला हवी होती आणि ती चूक माझी होती. नळीविना पीप लावायचे, तर ते प्रत्येक वेळी सरळ डोळ्यासमोर येण्यासाठी दोरी चांगली बसलेली असावी लागते. नवी दोरी शंभर-दोनशे बाणांपर्यंत थोडी ताणते आणि फिरते. पीप तिरके येत असेल, तर दोरीच्या एका टोकाला अर्धा पीळ देऊन किंवा काढून, अथवा पीपच्या एका बाजूचा एक पेड दुसऱ्या बाजूला घेऊन ते सरळ करतात. दोन्ही कामांना प्रेस लागते. किसर गुंडी मात्र तिला सवय असेल तर राहू द्या. पीप व्यवस्थित असताना तिचे फारसे काम उरत नाही, तरी पीप अचानक सरकले तर ओठ आधी तक्रार करतो.

आता पुढच्या टोकाकडे येऊ. पाच पिनांची साईट शिकाऱ्याच्या दृष्टीने अतिशय शहाणपणाची वस्तू आहे. प्राणी वीस यार्डांवर उभा राहील की चाळीस, हे आधी ठाऊक नसते, आणि तो समोर आल्यावर साईटचे चाक फिरवायला वेळ नसतो. म्हणून वीस, तीस, चाळीस अशा ठरलेल्या अंतरांच्या पिना आधीच बसवलेल्या असतात आणि अंधुक उजेडात दिसाव्यात म्हणून त्यांच्या टोकाला फायबरचा चमकता ठिपका असतो. मचाणावरून खाली मारणाऱ्यांसाठी तर पूर्वी लंबकासारखी झुलणारी पिन असलेली साईटही निघाली होती. उताराचा हिशेब ती स्वतःच करत असे. मैदानावर हे सगळे निरुपयोगी आहे, कारण इथे अंतर ठरलेले, वेळ ठरलेली आणि उजेड भरपूर. उलट पाच पिना एकाखाली एक असल्या की लक्ष्याचा खालचा भाग झाकला जातो, आणि दडपणात मूल चुकीची पिन धरते. त्यातून त्या पिना यार्डांत लावलेल्या आहेत. पन्नास मीटर म्हणजे जवळपास ५४.७ यार्ड, म्हणजे पन्नास आणि साठ यार्डांच्या पिनांच्या मधली रिकामी जागा. मुलगी सध्या दोन पिनांच्या मध्ये नेम धरत असेल, तर तेच आधी थांबवा.

यासाठी लगेच नवीन साईट लागत नाही. वरच्या तीन पिना ॲलन कीने सैल करून वर ढकला किंवा काढून ठेवा, एक पिन तीस मीटरला आणि एक पन्नास मीटरला बसवा. एवढ्यावर दोन-तीन महिने सहज जातात.

पिनेची जाडीही पाहा. शिकारीच्या साईटवर ती बहुधा ०.०१९ किंवा ०.०२९ इंचांची असते. वर सांगितलेल्या प्रमाणानेच हिशेब केला, तर पन्नास मीटरवर ०.०१९ इंचांची पिन सुमारे २.८ सेंटिमीटर आणि ०.०२९ इंचांची सव्वाचार सेंटिमीटर जागा झाकते. ०.०१० इंचांची पिन दीडच सेंटिमीटर झाकते, पण ती ढगाळ दिवशी हरवते. माझे मत ०.०१९ च्या बाजूचे आहे. उन्हाळ्यात फायबर इतके चमकते की ठिपक्याला तेजाचे वलय येते आणि तो दुप्पट दिसतो. तेव्हा फायबरच्या गुंडाळीवर थोडी काळी टेप लावावी. हा उपाय फुकट आहे आणि मी तो कित्येक महागड्या साईटवर केलेला आहे.

साईटवरच्या लेव्हलच्या बुडबुड्याकडे मुले दुर्लक्ष करतात. बाण ताशी नव्हे, सेकंदाला ऐंशी मीटर वेगाने सुटला असे धरले, तर पन्नास मीटर जायला त्याला सहा दशांश सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे १.९ मीटर खाली पडतो. हे पडणे साईट भरून काढते, पण धनुष्य उभे असेल तरच. धनुष्य एक अंश जरी कलले, तरी त्या भरपाईचा तीन सेंटिमीटरांहून अधिक भाग बाजूला वळतो. तीस मीटरवर तो सेंटिमीटरच्या थोडा वर असतो, म्हणून इथेही चूक पन्नासवरच उघडी पडते. आता गंमत अशी की, बुडबुडा मध्ये असूनही धनुष्य कललेले असू शकते, कारण चौकटच राईझरवर (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागावर) तिरकी बसलेली असते. धनुष्य शिकंज्यात धरून दोरी ओळंब्याला समांतर करा आणि मग बुडबुडा मध्ये येतो का पाहा. येत नसेल तर चौकटीचा दुसरा अक्ष, म्हणजे तिचे डावी-उजवीकडे झुकणे, स्क्रूने दुरुस्त करा. गवंड्याचा ओळंबा पुरतो, त्यासाठी वेगळे साधन विकत घेऊ नका. तिसरा अक्ष म्हणजे चौकट दारासारखी पुढे-मागे उघडलेली असणे. तो चढ-उतारावर मारताना त्रास देतो. सपाट मैदानावर त्याची काळजी नको.

राईझरवर बसवायचे मागचे सरळरेषा-दर्शक उपकरणही मिळते. छोट्या डबीत वर्तुळ आणि ठिपका असतो. डोके आणि धनुष्य रोजच्या जागी असले तरच ठिपका वर्तुळात दिसतो. अंधारात पीपमधून काही दिसत नाही, म्हणून काही शिकारी पीपऐवजी ते वापरतात. मैदानासाठी ते कायमचे लावावे असे मला वाटत नाही, पण कोणाकडून उसने मिळाले तर आठवडाभर जरूर लावा. मूठ धनुष्याला पीळ देत असेल, तर ठिपका बाजूला पळताना मुलीला स्वतःलाच दिसेल. आडव्या पसाऱ्याचे हे दुसरे मोठे कारण आहे, आणि ते सांगून पटत नाही, दाखवावे लागते. उपकरण न मिळाल्यास मूठ तपासण्याची जुनी रीत आहेच : बोटे सैल, अंगठ्याच्या बाजूच्या उंचवट्यावर दाब, बोटांचे पेर तिरके, आणि धनुष्य सांभाळायला मनगटाची दोरी.

भिंगाची साईट कधी घ्यावी, हे आता सांगता येईल. पन्नास मीटरवर बाणांचा घोळका लाल वर्तुळाच्या आत, म्हणजे सात-आठ गुणांच्या आत, बंद होऊ लागला की घ्यावी, आधी नाही. भिंग लक्ष्य मोठे करते तसा हाताचा कंपही मोठा करते. चार पट म्हणून विकले जाणारे भिंगही साईटची दांडी पुढे सरकवली की अधिक मोठे दाखवते, कारण भिंग डोळ्यापासून दूर गेले की त्याची वाढ वाढते. त्याच वेळी लांब दांडी मुठीच्या पिळाची चूकही अधिक दाखवते. सुरुवातीला दांडी आखूड आणि भिंग चार पटीहून जास्त नको. भिंगासोबत लक्ष्य धूसर दिसू लागले, तर पीपमध्ये क्लॅरिफायर नावाचे छोटे भिंग बसवतात. वडीलधारे धनुर्धर, ज्यांना चाळिशी लागली आहे आणि ज्यांना पिनच धूसर दिसते, त्यांच्यासाठी व्हेरिफायर हे वेगळे भिंग असते. ते स्कोपमध्ये भिंग नसतानाच वापरतात. दोन्हींची गल्लत दुकानातही होते. पावसाळ्यात मात्र पीपमधले कोणतेही भिंग एका थेंबाने आंधळे होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सराव बंद ठेवता येत नाही, तेव्हा खिशात कोरडे सुती फडके आणि किटमध्ये भिंगाशिवायचे एक पीप असू द्या.

मुलीच्या रिकर्व्ह (चाकांशिवायचे, टोके वळलेले धनुष्य) खेळणाऱ्या मैत्रिणींचा सल्ला ऐकताना एवढे लक्षात ठेवा की, त्यांच्या प्रकारात नियमाने पीपही चालत नाही आणि वाढवणारे भिंगही नाही. त्या दोरीची धूसर रेषा राईझरच्या कडेशी जुळवून नेम धरतात. ती विद्या वेगळी आहे. स्पर्धेच्या दृष्टीने आणखी एक बारीक बाब : जागतिक नियमांत साहित्यावर झाडापानांची, म्हणजे कॅमोफ्लाज रंगाची नक्षी चालत नाही, आणि साईटला बॅटरीचा दिवाही चालत नाही. शिकारीच्या धनुष्यावर दोन्ही असू शकतात. दिवा स्क्रूने निघतो. नक्षीचे काय करायचे ते स्पर्धेच्या आधी विचारून घ्या.

साईट लावताना सुरुवात दहा मीटरवरून करा, मग वीस, मग तीस. नियम एकच : बाण जिकडे, साईट तिकडे. बाण डावीकडे लागत असतील तर साईट डावीकडे, खाली लागत असतील तर खाली. एका बाणावरून काहीही हलवू नका. तीन-तीन बाणांचे तीन फेरे मारून घोळक्याचा मध्य पाहा आणि दिसलेल्या अंतराच्या निम्मेच सरकवा. प्रत्येक खूण वहीत तारखेसह लिहा, दोरी बदलली की नवे पान घ्या. दुपारनंतर वारा उठतो, तेव्हा उजव्या-डाव्या खुणा हलवू नका. त्या सकाळच्या शांत हवेत ठरवलेल्याच खऱ्या.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा : आधी ड्रॉ लेंग्थची दुरुस्ती, मग नळीविना पीप आणि त्याची पक्की बांधणी, मग गरज वाटली तर एक पिन वरखाली सरकणारी साधी साईट. दुकानदाराची भिंगवाली साईट सध्या दुकानातच राहू द्या. मला पुढचे काही सांगता यावे म्हणून मुलगी पूर्ण ताणून उभी असतानाची दोन छायाचित्रे पाठवा, एक बाजूने खांद्याच्या उंचीवरून आणि एक थेट पाठीमागून, आणि सोबत पन्नास मीटरवर मारलेल्या तीस बाणांच्या भोकांचा कागद, न झाडता, न निवडता, जसा आहे तसा.